विहिरीतली स्लाइड

विहिरीतून स्लाइड वर आली ती शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला, आणि अर्ध्या तासात मरोळच्या अख्ख्या गावठाणात बातमी फिरली. शॅरनच्या लग्नासाठी विहीर उपसायला घेतली होती. मच्छरांपायी म्युनिसिपालटीनं तिच्यावर लोखंडी जाळी ठोकली त्याला वीसेक वर्षं झाली असतील. पण उंबराचं पाणी नळाचं कसं चालेल? लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँड वाजवत विहिरीवर जायचं, बायांनी घागर भरायची, त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालायचं, ही परेऱ्यांच्या घरची रीत. नवरीची आई ॲग्नेस रीतीच्या बाबतीत इंचभर मागे सरणारी बाई नव्हती. तिच्या भाच्यानं, क्रिसनं, वॉर्ड ऑफिसात चार चकरा मारून जाळी उघडायची परवानगी आणली, पंप लावला, आणि गाळाच्या तिसऱ्या घमेल्यात ती निघाली.

क्रिस आता परेरा ब्रास बँडचा मास्तर. त्यानं घमेल्यावर बादलीभर पाणी ओतलं तशा दोन लांब नळ्या दिसल्या, टोकाला वळून एकमेकींना जोडलेल्या. ट्रॉम्बोन वाजवणारा उजव्या हातानं जी पुढे-मागे सरकवतो ती स्लाइड. त्रेपन्न वर्षं पाण्यात राहून हिरवी पडली होती, मध्ये एका जागी चेपली होती, पण पितळ ते पितळच.

“आत्या, बघ गं,” क्रिस म्हणाला. “ह्युबर्ट अंकलची.”

ॲग्नेस गाळ उपसणाऱ्यांसाठी चहा घेऊन आली होती. तिनं किटली आधी खाली ठेवली. मग म्हणाली, “हो रे, त्याचीच.” आणि चहा ओतायचा तसाच राहिला.

ह्युबर्टला बोलवायला जावं लागलं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा तिचा भाऊ, पायात दोन वेगवेगळ्या चपला, धावतच आला. दोन वर्षांपूर्वी परदेशातली प्रोफेसरकी संपवून तो घरी परतला, तेव्हापासून गावठाणातली पोरं त्याला ‘प्रोफेसर’च म्हणत. तो विहिरीच्या कठड्यावर बसला, स्लाइड मांडीवर घेतली आणि अंगठ्यानं तिच्यावरचा चिखल काढत राहिला. मग त्यानं ती गोष्ट सांगितली. सगळ्यांना पाठ असलेली, तरी सगळे थांबून ऐकायला लागले, कारण ह्युबर्ट सांगायचाच तशी.

एकाहत्तर साल. थोरल्या बहिणीचं, सिसिलियाचं लग्न. उंबराच्या पाण्याला पपांचा बँड, आणि त्यात एकवीस वर्षांचा ह्युबर्ट ट्रॉम्बोनवर. त्या संध्याकाळी स्लाइड अशी पळत होती की त्याला वाटलं, आज कुणीतरी वरून हात धरलाय. विहिरीवर पोचल्यावर पपांनी शेवटचा लांब सूर धरायची खूण केली. ह्युबर्ट कठड्यावर ओणवा झाला, हात लांबवला, सगळ्यात दूरच्या जागेपर्यंत, आणि हात उघडला. आपणहून उघडला. स्लाइड सरळ पाण्यात. पण फुंक थांबली नाही. उरलेल्या अर्ध्या वाद्यातून एक सूर निघाला, जो कुठल्या वहीत लिहिलेला नव्हता, आणि विहिरीनं खालून त्याला उत्तर दिलं.

“तो सूर मी आयुष्यभर शोधला,” ह्युबर्ट म्हणाला. “मी पोरांना सांगायचो, धरून ठेवाल तोवर जुनंच वाजेल. हात सोडायला शिका.”

गोष्टीचा पुढचा भाग तो सांगत नसे. तो गावाला ठाऊक होता. पपांनी बँडसमोर, वऱ्हाडासमोर त्याच्या थोबाडीत मारली. नवरीच्या पाण्यात बँडचं हत्यार पडलं, एवढा मोठा अपशकुन गावानं पाहिला नव्हता. सोमवारी ह्युबर्ट अर्धा ट्रॉम्बोन बगलेत मारून घराबाहेर पडला. नवी स्लाइड घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून त्या अर्ध्यालाच त्यानं बागेला पाणी घालायचा पाइप जोडला, रॉकेलचं नरसाळं जोडलं, बादलीत तोंड बुडवून वाजवलं. सिनेमाच्या वाद्यवृंदातून दोनदा हाकलला गेला. मग कुणा परदेशी बाईनं ते बादलीचं वाजवणं ऐकलं, स्कॉलरशिप मिळाली, आणि बघता बघता मरोळचा बँडवाला तिकडच्या युनिव्हर्सिटीत एकतीस वर्षं संगीत शिकवून आला. रिकाम्या पाण्याच्या टाकीत बसून चाळीस मिनिटं वाजवलेली त्याची रेकॉर्ड लोक म्हणे अजून शोधत असतात. एकदा अंधेरीत त्याचा कार्यक्रम झाला तेव्हा हॉलमध्ये अकरा माणसं होती, त्यातली अकरावी ॲग्नेस, डब्यात बोंबलाचं सुकं घेऊन. तिला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं, पण ती शेवटपर्यंत रडत होती, आणि ह्युबर्टला वाटलं की गावातून एका माणसाला तरी समजलं.

क्रिसच्या डोक्यात लगेच बेत शिजला. उद्या विहिरीवर अंकलनी हीच गोष्ट सांगायची, स्लाइड अर्ध्या ट्रॉम्बोनला लावायची, आणि तो मोबाइलवरून सगळं अंकलच्या तिकडच्या विद्यार्थ्यांना थेट दाखवणार. “झकास होईल,” तो म्हणाला. ह्युबर्टच्या डोळ्यांत पाणी आलं. पपांच्या बँडबरोबर, पपांच्या विहिरीवर, त्रेपन्न वर्षांनी. त्यानं ॲग्नेसकडे बघितलं आणि तिला हसावं लागलं.

आता ॲग्नेसच्या पोटात काय होतं ते सांगितलं पाहिजे, कारण तिनं ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, आणि बिचारा तो ते न ऐकताच गेला.

बँडची वाद्यं घासायचं काम घरातल्या पोरींचं. ॲग्नेस तेव्हा तेरा वर्षांची. बाकीचं सगळं चिंच आणि राखेनं घासायचं, फक्त ट्रॉम्बोनच्या स्लाइडला आतून कोल्ड क्रीमचं बोट फिरवायचं, म्हणजे ती हलकी सरकते. त्यासाठी पपांनी क्रीमची एक डबी कपाटात वर ठेवलेली असे, आणि तिला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद. लग्नाच्या त्या दुपारी घरातल्या सगळ्या बाया नटत होत्या आणि ॲग्नेसकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं स्टुलावर चढून डबी काढली, तळाशी राहिलेलं क्रीम बोटानं खरवडून काढलं आणि स्वतःच्या तोंडाला फासलं. सिसिलियासारखं आपलंही तोंड चकाकावं, एवढंच. मग वाद्यं घासायची वेळ आली तेव्हा डबी रिकामी. पपांची भीती तर अशी की पोरगी मुळापासून हादरली. स्वयंपाकघरात खोबरेल होतं. तिनं ते स्लाइडला आतून चोळलं, बाहेरून चोळलं, चमकायला लागेपर्यंत चोळलं.

म्हणूनच ती पळत होती. म्हणूनच हात उघडला.

त्या दिवसापासून ॲग्नेसनं तोंडाला क्रीम लावलं नव्हतं. हिवाळ्यात गाल फुटायचे, शॅरन दरवर्षी कटकट करायची, पण ती नाहीच म्हणायची. सिसिलियाला मूल झालं नाही आणि गावच्या बाया त्या पाण्यातल्या स्लाइडला बोल लावत राहिल्या, तेव्हाही ती गप्प. सिसिलिया गेली, पपा गेले, तरी गप्प. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण आता ती मूठ गाळासकट वर आली होती, आणि उद्या तिचा भाऊ सगळ्या जगासमोर सांगणार होता की माझा हात आपणहून उघडला.

दुपारी अंगणात फुग्यांचं, लग्नात तळतात त्या गोल पावांचं, पीठ फेटायचं चाललं होतं. मोठ्या टोपात हात कोपरापर्यंत बुडवून बाया आळीपाळीनं पीठ आपटत होत्या. शेजारची सुलक्षणा, गिरणीत राबलेल्या गुणाजी राणेंची बायको, मूळची मालवणची, दर लग्नाला फुगे फेटायला येई. ॲग्नेसचा हात मंदावलेला तिच्या लक्षात आला. बाकीच्या पाणी प्यायला उठल्या तेव्हा तिनं विचारलं, आणि ॲग्नेसनं, कशी कोण जाणे, तिला सगळं सांगून टाकलं. तिनं असंही सांगितलं की भीती पपांची नव्हतीच आता. भीती ही होती की ह्युबर्टकडे बायको नाही, पोर नाही, घर नाही; त्याच्याकडे ती एक गोष्ट आहे. ती काढून घेतली तर तो पुन्हा बगलेत वाद्य मारून निघून जाईल, आणि या वेळी परत यायला त्याच्याकडे वर्षंच नाहीत.

सुलक्षणानं पिठाचा हात टोपाच्या काठाला पुसला. “सांगान टाक गो बाय,” ती म्हणाली. “खाल्लेला पचता, लपवलेला पचणा नाय.”

शनिवारी सकाळी ॲग्नेसनं सांगितलं. ह्युबर्ट ओटीवर बसून स्लाइड लिंबानं घासत होता. पिवळं पितळ दिसायला लागलं होतं. ती समोर उभी राहिली, बसली नाही. डबी, स्टूल, क्रीम, तोंड, खोबरेल, या क्रमानं सगळं बोलून गेली. मध्ये एकदाही थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढचं आलंच नसतं.

ह्युबर्टनं लिंबाची फोड खाली ठेवली. स्वतःचा उजवा तळवा उलटा-सुलटा करून बघितला.

“वरून कुणी हात धरला नव्हता, मग,” तो म्हणाला. “तेल होतं.”

“ह्युबर्ट...”

“एकतीस वर्षं, ॲग्नेस. सगळ्या पोरांना मी हे शिकवलं. त्यावर दोन पुस्तकं लिहिली.” त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. “तू त्या कार्यक्रमाला रडत होतीस ते यासाठी?”

ती हो म्हणाली. खोटं बोलायचं दुकान तिनं आता बंद केलं होतं. ह्युबर्ट उठला, आत जाऊन अर्धा ट्रॉम्बोन घेतला, स्लाइड घेतली, आणि फाटकातून बाहेर पडला. ॲग्नेस त्याच्या पाठीकडे बघत राहिली. एकाहत्तरच्या सोमवारी ती याच ओटीवर उभी होती आणि हीच पाठ अशीच गेली होती.

जेवणाला तो आला नाही. फोन घरातच पडलेला. मग घरात जे व्हायचं ते झालं. क्रिसनं सगळं ऐकून घेतलं आणि आत्यावर असा बिघडला की वाढलेलं ताट तसंच सारून उठला. त्याचं म्हणणं, अंकल गेले तेव्हा बँडचा कणा गेला. त्याच्या बापानं मग पन्नाशीपर्यंत एकट्यानं तो बँड ओढला, दम्यानं मेला, आणि इतकी वर्षं घरातलंच एक माणूस तोंडात मिठाची गुळणी धरून बसलं होतं. शॅरन मधे पडली. ती म्हणाली, आजोबांनी थोबाडीत मारायच्या आधी चौकशी का नाही केली ते विचारा कुणीतरी, माझ्या तेरा वर्षांच्या आईला काय विचारता? क्रिस त्यावर संध्याकाळचा लाइव्हचा बेत रद्द करू का, असं काहीतरी पुटपुटत बँडच्या पोरांकडे निघून गेला. नवरीनं लग्नाच्या आदल्या दिवशी आईची बाजू घेऊन भांडावं, यात ॲग्नेसला इतका अपराध वाटला की ती न्हाणीत जाऊन रडली.

चार वाजता शॅरननं तिला आरशासमोर बसवलं. लाल लुगडं नेसवलं, अंबाड्यात फुलं खोवली, आणि पिशवीतून क्रीमची डबी काढली. ॲग्नेसनं मान मागे घेतली.

“मम्मी, बस झालं आता,” शॅरन म्हणाली. “सांगून झालं ना? मग गाल फोडून घेऊन कुणाचं काय फेडणार आहेस?” आणि बोटानं क्रीम घेऊन आईच्या कपाळाला, गालाला, हनुवटीला लावलं. वास तोच होता. ॲग्नेसनं डोळे मिटून घेतले आणि लावून घेतलं.

साडेपाचला बँड निघाला. ह्युबर्टवाचून. क्लॅरिनेट, दोन कर्णे, ढोल, आणि क्रिस स्वतः ट्रम्पेटवर, चेहरा घट्ट. बाया घागर घेऊन मागे, घागरीच्या गळ्यात झेंडूची माळ. ॲग्नेस गाणं म्हणत होती, पण शब्द कुठले निघत होते ते तिचं तिलाच कळत नव्हतं. एवढ्यात डोक्यावरून विमान उतरायला लागलं आणि नेहमीसारखा सगळ्यांनी तेवढा वेळ सूर लांबवला. विमानतळाशेजारच्या बँडला ती सवयच. विमान गेलं, बँड वळणावर आला, आणि ॲग्नेसला विहिरीच्या कठड्यावर बसलेला माणूस दिसला.

ह्युबर्ट सकाळपासून तिथंच होता, आणि लग्नाच्या गडबडीत कुणी विहिरीकडे फिरकलं नव्हतं. ओठ सुजला होता. म्हणजे वाजवतही बसला होता. मांडीवर अर्धा ट्रॉम्बोन, बाजूला लिंबानं लखलखलेली स्लाइड. क्रिसनं हात वर करून बँड थांबवला आणि काय करावं न सुचून खिशातला मोबाइल काढला.

“चालू कर,” ह्युबर्ट म्हणाला. “पोरांना ऐकू दे.”

मग तो मोबाइलकडे नाही, विहिरीकडे बघत बोलला. आधी मराठीत, मग तेच त्याच्या विद्यार्थ्यांच्या भाषेत. तो म्हणाला की मी तुम्हाला एक गोष्ट सांगत आलो आणि तिच्यात एक चूक होती. माझा हात आपणहून उघडला नाही. हाताला खोबरेल होतं. स्लाइड घसरली. बाकी सूर तोच, विहीर तीच, फक्त त्यात माझा काही पराक्रम नव्हता. तेव्हा माझ्या पुस्तकांतलं ते पान फाडून टाकलंत तरी चालेल.

बायांमध्ये कुजबुज झाली. मागून एका म्हातारीनं विचारलंच, तेल लावलं कुणी मेल्यानं?

ह्युबर्टनं उत्तर दिलं नाही. तो देणारही नव्हता, हे ॲग्नेसला त्याच्या मिटलेल्या ओठांवरून कळलं. त्रेपन्न वर्षांपूर्वीची चपराक तो पुन्हा एकदा स्वतःच्या गालावर घ्यायला बसला होता. तिनं घागर सुलक्षणाच्या हातात दिली आणि पुढे झाली.

“मी लावलं,” ती म्हणाली. “क्रीम मी तोंडाला फासलं आणि स्लाइडला तेल लावलं. अपशकुन-बिपशकुन काही नव्हता. सिसिलियापायी ज्यांनी ज्यांनी स्लाइडला बोल लावला त्यांनी तो आता माझ्या नावावर करावा.”

क्रिसनं मोबाइल खाली घेतला, बाहीनं डोळे पुसले, आणि पुन्हा वर धरला.

ह्युबर्टनं स्लाइड उचलली. लोकांना वाटलं आता जोडणार. पण चेपलेली स्लाइड कशी बसणार? त्यानं सकाळपासून शंभर वेळा प्रयत्न केला होता. त्यानं ती ॲग्नेसच्या हातात दिली.

“सोड,” तो म्हणाला.

“पाण्यात? परत?”

“मी ती कधी सोडलीच नाही म्हणतेस ना? मग जिनं ती तेव्हा निसटवली तिनंच आता सोडावी.” आणि तो कठड्यावर ओणवा झाला, अर्ध्या ट्रॉम्बोनचं तोंड विहिरीकडे केलं आणि छाती भरून घेतली.

ॲग्नेसनं दोन्ही हात विहिरीवर धरले. खाली रात्रभरात झऱ्यांनी भरलेलं पाणी, त्यात भावाचं आणि तिचं तोंड शेजारी-शेजारी. तिनं बोटं उघडली. स्लाइड सरळ गेली, पाणी फुटलं, आणि त्याच क्षणी ह्युबर्टनं फुंकलं. जाड, खरखरीत, कुठल्या वहीत न लिहिलेला सूर. विहिरीनं तो घेतला, खाली फिरवला आणि थोडा अधिक खोल करून परत वर पाठवला. एकाहत्तरचा तो सूर ऐकलेली एवढ्या गर्दीत आता मोजकीच माणसं उरली होती. ॲग्नेसच्या अंगावर काटा आला, कारण तो तोच होता, अगदी तोच.

ह्युबर्ट फुंक संपेपर्यंत वाजवत राहिला. मग वाद्य खाली घेतलं आणि कठड्याला धरून उभा राहिला. दोघंही रडत होती आणि दोघांनाही त्याची लाज वाटत नव्हती. सुलक्षणानं घागर सोडली, ती बुडबुडत भरली, आणि बाया वर ओढायला लागल्या. ह्युबर्ट बहिणीच्या जवळ आला, वाकला, आणि त्यानं तिच्या गालाजवळ नाक नेऊन वास घेतला.

“आज क्रीम कुठं लावलंस गं?” त्यानं विचारलं.

“तोंडाला,” ॲग्नेस म्हणाली.

“बरं केलंस,” ह्युबर्ट म्हणाला, आणि त्यानं क्रिसला बँड सुरू करायची खूण केली.